उस्मानभाईचं लांब-आखूड

उस्मानभाई बिघडलेल्या कंप्युटरला कान लावतो. डॉक्टरची नळी वगैरे काही नाही, आपला केसाळ कान थेट पत्र्याला. तेवढा वेळ खोलीतल्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

जव्हारला त्याचं दुकान. बापाचा धंदा घड्याळं-रेडिओ दुरुस्तीचा, याने कंप्युटर धरले. "मशीन मरत नाही, नाराज होतं," हे त्याचं पालुपद. "का नाराज, ते स्वतः सांगतं. ऐकणारा पाहिजे."

मी तिसरी शिकलेला, पण बैलाचं दुखणं डोळ्यांवरून ओळखतो. पेटी आपलं दुखणं सांगते हे मला पटणं शक्य नव्हतं. आजही निम्मंच पटलंय.

नातीला नाशकात नर्सिंगला जागा मिळाली, तेव्हाची गोष्ट. जातीचा दाखला दुसऱ्या दिवशी दाखवायचा, नाहीतर जागा गेली. सूर्यमाळहून पोरीला घेऊन मोखाड्याला उतरलो, तर दाखल्यांच्या केंद्रात सगळं ठप्प.

"सर्व्हर उठत नाही, बाबा," वामन ऑपरेटर म्हणाला. "सगळे दाखले त्याच्या पोटात. परवा या."

"परवा घेऊन काय करू? चुलीत घालू?" मी दारातच बसकण मारली.

तेवढ्यात वामनने बोलावलेला उस्मानभाई जव्हारच्या जीपमधून उतरला. बटण दाबलं, कान लावला. "चूप! उठता उठता ही आपलं अंग चाचपते. जिथं दुखतं ते शिट्टीने सांगते. लांब किती, आखूड किती, ते मोजायचं."

पेटीने शिट्ट्या घातल्या. "एक लांब, चार आखूड. बॅटरी!" त्याने आतली बटणाएवढी बॅटरी बदलली. पेटी ठिम्म.

त्याने सगळ्यांकडे संशयाने पाहिलं. "खोकलं कोण?"

"मी. खोकायला मी कुणाची परवानगी घेत नाही."

"दादा, तुमच्या छातीतली शिट्टी मी हिच्यात मोजली!"

नात खुदकन हसली आणि तिने माझ्या तोंडावर ओढणीच धरली. पुन्हा बटण. "एक लांब, तीन आखूड. मेमरी!"

त्याने आतली बोटभर पट्टी उपसली, तर तिच्यावर कुंकू आणि राखेचा थर. वामन रोज सकाळी सर्व्हरची पूजा करायचा. जाळीसमोर उदबत्ती, जाळीवर कुंकवाची चिमूट. आतला पंखा सगळं ओढून घ्यायचा, पावसाळी ओल ते चिकटवायची.

"वामनराव, पूजा करावी, पण नाकात उदबत्ती खुपसू नये."

"रोज सुरू व्हावा म्हणूनच करत होतो हो," वामन पुटपुटला.

उस्मानभाईने नातीच्या कंपासपेटीतला खोडरबर मागून घेतला आणि पट्टीची कड लख्ख घासली. पट्टी बसवली, पडदा उजळला. दाखला निघाला तशी पोरगी त्याच्या पाया पडायला वाकली. हा दोन पावलं मागे.

"राहू दे, राहू दे. नाशकाला पोचल्यावर कळवशील कुणाला? म्हाताऱ्याकडे फोन आहे?"

नव्हता.

"मग माझ्या दुकानात लाव. एकदा वाजवून ठेवलास, म्हणजे पोचली. दोनदा, म्हणजे काही अडचण. मी उचलणार नाही, तुझे पैसे पडायला नकोत."

पुढच्या बाजारी सुक्या मासळीच्या गर्दीत त्याने मला बरोबर हुडकलं. "घंटी एकदाच वाजली."

"एवढं सांगायला जव्हारहून आलास?"

"छे, बाजाराला आलो."

हातात पिशवी नव्हती.

चहा पिताना बशीत बघत म्हणाला, "तिला सांगा, दर रविवारी वाजवत जा. तुमचा जीव लागलेला असतो ना, दादा, म्हणून." मग बशी खाली ठेवून, "माझा पोरगा सौदीत आहे. त्याला वेळ नसतो."

मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. पण नाशिकला जाणाऱ्या जीपवाल्यापाशी नातीला निरोप दिला: रविवारी उस्मानभाईकडे फोन वाजव. आणि ठेवू नको, तो उचलेपर्यंत वाजू दे.