भालबाच्या डब्यातलं पीठ

मुलांनो, एका जंगलात, जिथे गहूही पिकायचा आणि परिषदाही भरायच्या, भालबा नावाचं एक साळिंदर राहत असे. भालबा शास्त्रज्ञ होता. म्हणजे तुमच्या या गोष्ट सांगणाऱ्यासारखाच, सोप्या कामाला भरपूर वेळ लावणारा.

साळिंदरं अंधारात हिंडून पोट भरतात. पण भालबाच्या लेकीला, बकुळीला, अंधारू लागलं की दिसेनासं व्हायचं. बिचारी बिळाच्या दाराशीच धडपडायची. भालबाचा जीव तुटायचा. पोरीला अ जीवनसत्त्व हवं, हे त्याने शोधून काढलं. मग ते गव्हाच्या पिठात मिसळलं, चांगलं डबाभर.

"द्या इकडे, पोळ्या लाटते," त्याची बायको गिरिजा म्हणाली.

"थांब! पिठात ते टिकतं की नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवं. परिषदेत विचारतील."

भालबा रोज झाकण उघडायचा, चिमूटभर पीठ काढून तपासायचा. रोज जीवनसत्त्व थोडं कमी भरायचं. भरणारच. झाकण उघडलं की उजेड आणि हवा आत जायची, आणि त्यांच्यापुढे हे जीवनसत्त्व टिकत नाही. भालबा मात्र काळजीत पडला. कमी का होतंय, हे पाहायला तो डबा आणखी वरचेवर उघडू लागला.

"अहो, पोरगी आज पुन्हा पडली. दोन पोळ्यांपुरतं तरी द्या!"

"अगं, हा नमुना आहे. नमुना कुणी खातं का?"

एके दिवशी तिन्हीसांजेला बकुळी चाचपडत आली आणि थेट डब्यावर आदळली. सगळं पीठ जमिनीवर! भालबाने डोक्याला हात लावला. गिरिजाने वरवरचं पीठ भरून घेतलं, मळलं आणि पोळ्या लाटल्या. पीठ संपेपर्यंत ती बकुळीला रोज पोळ्या खाऊ घालत राहिली.

पुढे अशाच एका तिन्हीसांजेला भालबा रिकाम्या डब्यापुढे तोंड पाडून बसला होता. बकुळी दारातूनच ओरडली, "बाबा, तुमच्या चष्म्याला पीठ लागलंय!"

भालबाला रडूच कोसळलं. त्याने लेकीला पोटाशी धरलं, काटे सांभाळून. मग डोळे पुसले, चष्मा पुसला आणि परिषदेसाठी निष्कर्ष लिहायला घेतला: 'नमुना पोटात गेल्यामुळे प्रयोग फसला.'

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांच्या संशोधनाला कधी धक्का लावू नये. लावलात, तर तुम्ही बरे व्हाल आणि बाबांना परिषदेत दाखवायला काही उरणार नाही.