मापाच्या कागदावरची नदी

लिहायला बसायचं ठरलं की काकूंना सगळ्यात आधी टेबलाखालची जळमटं दिसत. ती काढली की पडद्याची उसवलेली शिवण दिसे. ती टाचली की पेनात शाई आहे का ते बघावं लागे, आणि शाई आहे असं कळेपर्यंत चार वाजलेले असत. मग काकू हुश्श करून वही मिटत आणि काजं करायला बसत.

काकू म्हणजे टेलर मास्तरांची बायको. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. मास्तर बेतत, कापत, टिपा मारत. काकू काजं करत, बटणं लावत, आणि हात चालू असला की तोंडाने गोष्टी सांगत. त्या गोष्टी ऐकत, मशीनच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगात, त्यांची लेक लहानाची मोठी झाली. आता ती लांबच्या शहरात होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तिने एकच हट्ट धरला होता.

"आई, नदीला सदरा शिवणाऱ्या मुलीची गोष्ट लिहून पाठव. बाळाला तुझ्याच शब्दांत वाचून दाखवणार मी. आणि बाळ यायच्या आत हवी हं!"

सोबत तिने एक जाडजूड वही पाठवली. गुळगुळीत, पांढरीशुभ्र. घोटाळा झाला तो त्या वहीनेच.

"इतक्या देखण्या वहीत चूक झाली तर हो?" काकू म्हणाल्या.

"खोडायचं."

"डाग दिसेल ना."

मास्तरांना बायकोचं भारी कौतुक. अठ्ठावीस वर्षं ते तिच्या गोष्टींच्या तालावर मशीन चालवत आले होते. गोष्ट रंगात आली की त्यांची टीप सुतासारखी सरळ जाई. ती मध्येच थांबली की टीप वाकडी. ही बाई लिहीत नाही याचं कारण, त्यांच्या मते, आजूबाजूच्या अडचणी. आणि अडचण म्हणजे काय, कपड्यातली चूण. इस्त्री फिरवली की गेली.

तेव्हा त्यांनी इस्त्री फिरवायला घेतली. वहीचा दबदबा कमी व्हावा म्हणून तिला जुन्या चौकड्याच्या कापडाचं कव्हर शिवलं. स्टूल उंच पडतं म्हणून त्याचे पाय कापले. मग टेबल उंच वाटू लागलं म्हणून टेबलाचेही कापले. शांतता हवी म्हणून दारावर पाटी लावली : 'दोन ते तीन दुकान बंद. आत लेखन चालू आहे.' तासाभराने त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं, तर त्या गाढ शांततेत काकूंना गाढ झोप लागली होती.

पाटी वाचून मास्तरांची थोरली बहीण आत आली. ती निवृत्त शिक्षिका, सगळ्यांची आक्का.

"हे बघ, आधी मुद्दे काढ," आक्कांनी काकूंना जागं करून सांगितलं. "मग कच्चं लिही, मग पक्कं. आणि शेवट काय, ते सर्वांत आधी ठरव. शेवटच ठाऊक नसताना लिहायला बसणं म्हणजे..."

"म्हणजे काय, आक्का?"

"म्हणजे चूक!"

काकूंचा चेहरा उतरला. कारण त्या गोष्टीला शेवट नव्हताच. शेवट यायच्या आत लेक झोपून जायची, दर वेळी. मग पुढचं कोण कशाला रचतंय?

पुढचे आठ दिवस वही तशीच कोरी. तरी मास्तर हरले नाहीत. तिला स्वतःचा असा कोपरा हवा, त्यांच्या मनात आलं. शनिवारी काकू बाजारात गेल्या तशी त्यांनी खिडकीजवळची फळी रिकामी करायला घेतली. त्या फळीवर कपडा बेतायच्या जुन्या खाकी कागदांची चळत होती. मास्तरांची एक रीत होती : बेतून झालेला कागद टाकायचा नाही. त्याचे चौकोन कापून घडी घातलेल्या शर्टात सरकवायचे, म्हणजे घडी ताठ राहते. त्या दिवशी अकरा शर्ट द्यायचे होते. मास्तरांनी चळतीवरचे तीन कागद सपासप कापले, चष्मा कपाळावर ठेवूनच, अकरा शर्टांत अकरा चौकोन घातले, आणि गिऱ्हाइकं आपापला शर्ट घेऊन गेली. उरलेली चळत माळ्यावर. फळी पुसली, वर वही, पेन, आणि पेल्यात एक फूल.

काकू आल्या. पिशवी हातातच राहिली.

"अहो, इथले कागद?"

"आवरले! बघ कसं ऐसपैस झालंय. आता तुला कसलीही अडचण नाही."

"वरचे तीन?"

"त्यांचे चौकोन केले. शर्टांत गेले."

काकू त्या बुटक्या स्टुलावर मटकन बसल्या. "त्यात गोष्ट होती हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा आता डोळ्यांवर ओढला.

"वहीत लिहायची भीती वाटते मला," काकू हळूच म्हणाल्या. "तुमच्या त्या कागदावर आधीच खांद्याच्या, बाहीच्या रेघा असतात. मधल्या रिकाम्या जागेत दोन ओळी लिहिल्या तर कुणाचं काय बिघडतं? काजं करता करता लिहिलं. रोज थोडं थोडं."

"अगं, मग मला सांगायचंस ना!"

"तुम्ही इतकी तयारी करत होतात. लिहिते म्हटलं असतं, तर वाचायला मागितलं असतंत."

मास्तरांनी मापांचं रजिस्टर काखेत मारलं आणि सायकल काढली.

पहिलं घर बसच्या ड्रायव्हरचं. "शर्टात माझं काहीतरी राहिलंय," मास्तर म्हणाले.

"सुई?" ड्रायव्हर दचकला. त्याने शर्ट आधीच अंगात घातला होता.

"कागद, कागद!"

ड्रायव्हरने खिडकीतला खाकी चौकोन उचलला, द्यायला हात पुढे केला, आणि देता देता पुन्हा वाचला. "पोरगी टेप घेऊन नदीत उभी आहे. म्हणते, 'जरा उभी राहा गं, माप घेते. थंडीवाऱ्यात अशी उघडी का हिंडतेस?' नदी म्हणते, 'उभी राहिले तर माझं तळं होईल.' ...मग?"

"मग काय?"

"पुढे काय झालं मास्तर? पुढचं आणा, हा घेऊन जा." आणि त्याने चौकोन चक्क खिशात घातला.

दातांच्या दवाखान्यात वेगळीच तऱ्हा. तिथल्या कंपाउंडरच्या शर्टातला चौकोन बाकावर फिरत होता. गाल सुजलेले एक आजोबा तो मोठ्याने वाचत होते आणि बाकीचे आपापला गाल धरून ऐकत होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "राहू द्या ना आजच्या दिवस. हा कागद आल्यापासून कुणी ओरडलेलं नाही." तिथे मास्तरांना आजोबांचं वाचून होईपर्यंत थांबावं लागलं. त्यांनीही ऐकलं. तिच्याच तोंडची वाक्यं, जशीच्या तशी, पण परक्या माणसाच्या तोंडून. ऐकताना मास्तरांचा पाय मशीनवर असल्यासारखा हलू लागला.

एक शर्ट आक्कांच्या यजमानांचा होता. आक्कांनी चौकोन समोर धरला. पहिल्या तीन ओळी लाल शाईने रंगलेल्या. खाली एकही खूण नाही.

"पुढे चुका नाहीत वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

"वाचत होते!" आक्का ओरडल्या. "वाचताना मध्ये मध्ये बोलू नये."

रविवार संपेपर्यंत दहा चौकोन जमले. काकूंनी ते कटिंगच्या टेबलावर मांडले, उसवलेला कपडा जुळवावा तसे. ही पाठ, हा पुढचा भाग, ही डावी बाही. अकरावा चौकोन ड्रायव्हर स्वतः घेऊन आला, सोमवारी सकाळी.

"काकू, बटण सैल झालंय," तो म्हणाला. बटण त्याच्या मुठीत होतं आणि दोरा नुकताच तोडलेला दिसत होता. "आणि ते... नदीचं काय झालं?"

"पुढे नाहीये रे. शेवट मला ठाऊकच नाही."

"असं कसं? ती पोरगी पाण्यात उभी आहे शनिवारपासून!"

तेवढ्यात गाल सुजलेले आजोबा आले. त्यांची पँट लांब झाली होती. मग आक्का आल्या. त्यांना काहीच झालं नव्हतं, पण त्या बसल्या. आणि या गर्दीत फोन वाजला. जावई. लेकीला दवाखान्यात नेलंय. पंधरा दिवस आधीच.

काकूंनी फोन ठेवला आणि आजूबाजूला पाहिलं. टेबलावर कापड, फळीवर वही, स्टुलावर आजोबा. बसायला जागा नव्हती. शांतता नव्हती. मुद्दे काढलेले नव्हते. त्यांनी मास्तरांच्या हाताखालचा खाकी कागद ओढला, खडूचं माप असलेलाच, त्यांच्याच कानामागची पेन्सिल काढली आणि जमिनीवर फतकल मारली.

"मशीन थांबवू का?" मास्तरांनी विचारलं.

"थांबवलंत तर बघा!"

मशीन चाललं. आजोबा कण्हले, ड्रायव्हर शिंकला, आक्कांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. काकू लिहीत होत्या. खोडत होत्या, डाग पडत होते, बाहीच्या रेघेवरून ओळ वळत होती, आणि त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. दोन शर्टांची काजं व्हावीत इतका वेळ गेला. मग त्यांनी पेन्सिल ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "झालं."

मास्तरांनी नव्या कागदाचेही चौकोन कापले, सगळे एकावर एक रचले, कडेने एक टीप मारली, आणि पुस्तक झालं. टीप मारताना शेवटचं पान त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. त्या पोरीने नदीचं माप घेतलंच नाही. सदरा शिवला, पण त्याचा गळा शिवला नाही नि घेरही नाही. नदी गळ्यातून आत यायची आणि घेरातून पुढे जायची, आणि जाता जाता ऊब घेऊन जायची. मास्तरांचा पाय क्षणभर थबकला. ती टीप तेवढी वाकडी गेली.

त्याच घाईत पार्सल गेलं, मंडळींना शेवट कळायचा राहूनच गेला. तिकडे नातू झाला. पांढऱ्या वहीत मास्तर मापं लिहू लागले. तिथे खाडाखोड केली तरी कुणाला वाईट वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी लेकीचा फोन आला. दुकानात नेहमीची मंडळी होती. हल्ली त्या भागात बटणं फार तुटत.

"आई, काय सुंदर लिहिलंयस गं! तिसऱ्या पानावर बाळ झोपलं."

"आणि तू?"

"मी पाचव्या. तुझ्या जावयांचं विचारू नकोस. रोज असंच होतं. आई, शेवट काय आहे गं? तूच सांग ना."

ज्या शेवटापायी जीव मेटाकुटीला आला, तो लेकीच्या घरी कुणी वाचलाच नव्हता. काकूंना हसू आलं. त्यांनी रिसीव्हर खांद्यात धरला, हातात सुई घेतली आणि सांगू लागल्या. "तर मग त्या पोरीने टेप गुंडाळून ठेवला..." पलीकडून संथ श्वास ऐकू येऊ लागला. लहान एक, मोठा एक.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी फोनवर हात ठेवला. "झोपली."

दुकानात कुणी हललं नाही. मग ड्रायव्हर पुढे सरकून कुजबुजला, "पण काकू, आम्ही जागे आहोत ना!"