जाणाऱ्यांच्या दारातले नाना

लग्नात घरची माणसं मांडवाच्या दारात उभी राहून येणाऱ्यांना 'या, या' करतात. नाना पुतण्याच्या लग्नात मांडवाच्या मागल्या अंगाला उभे होते, जिथून लोक जेवून बाहेर पडतात तिथे. डोक्याला फेटा, हात मागे बांधलेले. येणाऱ्यांकडे ढुंकून बघत नव्हते, जाणाऱ्या एकेकाला मात्र अडवत होते. "जेवला का? सगळं घेतलं का? चपला सोताच्याच हायत ना?" नवरीच्या मामांच्या पायात घाईघाईत दोन वेगवेगळ्या चपला आल्या होत्या. नानांनी त्यांना तिथेच थांबवून धरलं. मामा तापले. नाना शांतपणे म्हणाले, "पावणं, हितनं चुकीची चप्पल बाहेर गेली, तर उद्या तुमच्या गावात आमचं नाव निघंल."

मी शोभा. राहायला कोल्हारला, नोकरी देवळाली प्रवराला, नानांच्या हाताखाली. आमचं ऑफिस म्हणजे खतं-बियाणांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आजूबाजूच्या गावांना आम्ही इंटरनेट देतो आणि ज्याला पाहिजे त्याला ईमेलचं खातंही उघडून देतो. शाळा, दूध डेअरी, रोपवाटिका, बचत गट, सगळ्यांची खाती आमच्याकडे. मी तक्रारी घेते. नाना आमच्या गिऱ्हाइकांचं बाहेर जाणारं ईमेल बघतात. येणारं ईमेल बघायला दुसरा माणूस आहे. त्याच्या कामाला नाना काम म्हणतच नाहीत. "आपल्या अंगणात आलेला कचरा समदेच झाडत्यात. आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या अंगणात जातुय का, ते कोन बघनार?"

हे त्यांच्या रक्तातलंच आहे. त्यांचे वडील एका साखर कारखान्याच्या गेटवर होते. कामावरून सुटून घरी निघालेल्या माणसांचे जेवणाचे डबे उघडून बघायचं त्यांचं काम. नाना लहानपणी शेजारी उभं राहून ते बघायचे. पुढे ते आयटीआय झाले, केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, मग इंटरनेटच्या ओढल्या, आणि शेवटी फिरून गेटवरच आले.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की ईमेल गेलं. असं नसतंय बाबा. आमच्याकडून निघालेलं प्रत्येक पत्र आधी नानांच्या चाळणीतून जातं. त्यात व्हायरस चिकटलाय का, एकच पत्र शेकडो लोकांना चाललंय का, त्यातली भाषा लबाडाची आहे का, हे सगळं मशीन तपासतं आणि गुण देतं. गुण चांगले असले तर पत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर. वाईट असले तर ते बाजूला थांबवलं जातं. नाना म्हणतात, "वट्यावर बसवलं." वट्यावरच्या पत्राचा नाना फक्त पाठवणारा, विषय आणि गुण बघतात. आतलं एक अक्षर वाचत नाहीत. "पाकीट बघायचं. पत्र लोकांचं हाय."

एवढा खटाटोप कशाला, तर सगळ्या गावांची पत्रं बाहेरच्या जगात जातात ती आमच्या एकाच पत्त्यावरून. कुणा एकाच्या खात्यातून स्पॅमची घाण सुटली, की जगभरचे लोक आमचा पत्ता काळ्या यादीत टाकून मोकळे. मग शाळेचं असो की डेअरीचं, कुणाचंच पत्र कुठे पोचत नाही. शहरातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे पत्ते या यादीत चढतात आणि उतरतात. आमचा एकदाही चढलेला नाही. हे मी आमच्या सासरी इतक्या वेळा सांगितलंय की सासूबाईंना ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण आपला पत्ता स्वच्छ आहे हे ठाऊक आहे.

रोज सकाळी आल्याआल्या नाना चष्मा लावतात आणि एकेक काळी यादी उघडून आमचा पत्ता शोधतात. "न्हाई. न्हाई. हितंबी न्हाई." प्रत्येक 'न्हाई'ला आवाज थोडा वर चढतो. शेवटचं 'न्हाई' खाली खताच्या दुकानात ऐकू जातं आणि तिथला माणूस वरच्यांचा चहा टाकायला सांगतो.

एका दिवाळीत आमच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी बाराशे माजी विद्यार्थ्यांना एका दमात शुभेच्छा पाठवल्या. चाळणीनं त्या अडवल्या. सर तरातरा जिना चढून आले. "नाना, मी काय बॉम्ब पाठवलाय का? शुभ दीपावली लिहिलंय."

"सर, शाळा सुटल्यावर तुमी बाराशे पोरं एका दारातनं एका टायमाला सोडता व्हय?"

"नाही. रांगेनं सोडतो."

"मंग."

शेवटी शुभेच्छा पन्नास-पन्नासच्या रांगेनं सोडायचं ठरलं. सरांना रोज एकच रांग सोडायला सवड मिळे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माजी विद्यार्थ्यांना तुळशीचं लग्न उरकल्यावर 'शुभ दीपावली' मिळालं.

पत्र थांबवलं की मालकाला फोन करायचा, हा नानांचा नियम. मुकाट्यानं थांबवायचं नाही. फोन मी करते, पण वाक्य त्यांनी मला पाठ करायला लावलंय. "तुमच्या खात्यातून चुकीची पत्रं निघाली, म्हणून आम्ही ती थांबवलीत. तुमची काही चूक नाही. फक्त कुलूप बदलायचंय." कुलूप म्हणजे पासवर्ड. एकदा घाईत मी मधलं वाक्य गाळलं, तर नानांनी मला पुन्हा फोन लावायला लावला. "आधीच मानूस भ्यालेलं असतंय. चूक न्हाई हे पहिलं कानावर पडाय पायजे."

आणि कुलूप म्हणाल तर आमच्याकडची कुलपं जगावेगळी. एकदा डेअरीच्या खात्यातून औषधांच्या जाहिराती सुटायला लागल्या. चाळणीनं धरल्या म्हणून बरं. चौकशी केली तर पासवर्ड निघाला देवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मग कळलं की बचत गटाचाही तोच. रोपवाटिकेचाही तोच. आख्ख्या गावानं भक्तिभावानं एकच कुलूप लावलं होतं. खोटं कशाला सांगू, माझाही तोच होता.

नानांनी कपाळाला हात लावला. "देवीचं कुलूप करता व्हय? अगं, देवीचं दार तर जगाला उघडं असतंय."

मग ते मोपेडवर बसून गावोगाव फिरले. घरात शिरायचे, खातं उघडून द्यायचे आणि म्हणायचे, "आता नवीन घाला." माणूस पासवर्ड घालत असे तेवढा वेळ नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहत. एका आजीबाईंना वाटलं, पाहुणे रुसले. त्यांनी पाठीमागून चहा पुढे केला. नाना चहासुद्धा भिंतीकडे तोंड करूनच प्याले. दोन महिन्यांत सगळी कुलपं बदलली. निदान मला तरी तसंच वाटलं.

नानांचं एक कोडं मला सुटत नव्हतं. मधूनच, काही कारण नसताना, ते ऑफिसात भेळ आणायचे. सण नाही, वाढदिवस नाही. दोन-तीन महिन्यांतून एखादा दिवस स्क्रीनकडे बघता बघता उठायचे आणि भेळ घेऊन यायचे, खतवाल्यासकट सगळ्यांना. विचारलं तर म्हणायचे, "खा की गपगुमान."

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी चाळणी लाल झाली. हजारो पत्रं एकाच खात्यातून निघत होती. मशीननं दार लावलं, पण त्याआधी चाळीसेक पत्रं निसटून गेली होती. आमचा पत्ता काळ्या यादीत जायला एवढी पुरे. मी खात्याचं नाव बघायला वाकले. प्राजक्ता. नानांची मुलगी.

प्राजक्ता सहा वर्षांपूर्वी बंगळुरूला गेली. नानांनी तिच्यासाठी राहुरीचं स्थळ आणलं होतं, तिनं त्याच आठवड्यात तिकडची नोकरी धरली. ज्या सकाळी ती निघाली त्या सकाळी नाना रोजच्यापेक्षा तासभर आधी ऑफिसात येऊन बसले होते. बाईमाणसं, शेजारीपाजारी, सगळे तिला गाडीवर सोडायला गेले. जगातल्या प्रत्येक जाणाऱ्याला अडवणारा माणूस त्या दिवशी दारात नव्हता. तेव्हापासून ती आईशी रोज फोनवर बोलते. नानांशी बोलत नाही, आणि नानाही तिच्याशी बोलत नाहीत.

"तिचं कुलूप कोणतं होतं, नाना?" मी विचारलं.

"देवीचंच." नाना स्क्रीनकडेच बघत होते. "अकरावीत असताना माज्यासमोर घातलं हुतं तिनं. समद्या गावाचं बदललं, ह्ये एक ऱ्हाऊ दिलं."

"तुम्ही? का पण?"

मग त्यांनी मला खात्याची नोंद दाखवली. खातं कधी उघडलं, कुठून उघडलं, याच्या ओळी. दोन-तीन महिन्यांनी एक ओळ, बंगळुरू. "तिची समदी सर्टिफिकिटं हायत त्यात. लागलं की येती, बघती, जाती. कुलूप बदललं असतं, तर येऊन परत गेली असती. तिला वाटलं असतं, बापानं दार लावलं."

मी शेवटच्या काही तारखा वाचल्या आणि त्या त्या दिवशी आलेली भेळ मला आठवली. मी उगाच पंख्याचं बटण खालीवर केलं.

नानांनी मग स्वतःच्या हातानं ते खातं बंद केलं. कुलूप बदललं. आणि जी चाळीस पत्रं निसटली होती, त्या चाळीस अनोळखी लोकांना त्यांनी एकेक करून माफीचं पत्र लिहिलं. पन्नासच्या रांगेत बसत होती, तरी एकेकच लिहिलं. इंग्रजी मी तपासून दिलं. ती जाहिरात टकलावर केस उगवायच्या तेलाची होती. नानांनी लिहिलं की हे पत्र माझ्या मुलीनं पाठवलेलं नाही, ती फार चांगली आणि हुशार मुलगी आहे, चूक दार राखणाऱ्याची आहे, आणि मला स्वतःला टक्कल असल्यामुळे मी खात्रीनं सांगतो की असलं तेल कुणी घेऊ नये. 'फार चांगली आणि हुशार' हे कशाला, असं मी म्हटलं. नाना म्हणाले, "राहू दे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कधी नव्हे ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. खतवालाही वर आला. नानांनी चष्मा लावला. पहिली यादी. "न्हाई." दुसरी. "न्हाई." शेवटच्या यादीला त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "हितंबी न्हाई," ते म्हणाले, आणि त्या दिवशी आवाज वर चढला नाही. खतवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि चहा सांगायला गेला. एका परदेशी बाईंचं उत्तरही आलं होतं. तेल घेणार नाही आणि मुलीला नमस्कार सांगा, असं.

"नाना, एक फोन राहिलाय," मी म्हटलं.

"तू करतीस की रोज."

"रोज करते. हा तुम्ही करायचा. खातं थांबवलं की फोन, नियम तुमचाच आहे."

"माज्याकडं नंबर न्हाई."

माझ्याकडे काकूंनी, म्हणजे प्राजक्ताच्या आईनं, दिलेला होता. मी ऑफिसच्या फोनवरून लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. नाना उभे राहिले. तिकडून आवाज आला तसं त्यांनी, मला शिकवलेलं वाक्य, पाठ म्हटल्यासारखं सुरू केलं.

"नमस्कार. देवळाली प्रवराच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या खात्यातून चुकीची पत्रं निघाली, म्हणून आम्ही..."

तिकडून कुणीतरी काहीतरी बोललं. नाना थांबले.

"व्हय. मीच."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तसा नानांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुजी काय चूक न्हाई," नाना म्हणाले. यापुढे कुलपाचं वाक्य होतं. ते आलं नाही. "तुजी कायबी चूक न्हवती, पोरी." मग ते खुर्चीत बसले, स्क्रीनकडे पाठ करून. "तुजा डबा घरीच ऱ्हायलाय. स्टीलचा, नाव घातलेला. आईनं चटनी भरून दिली हुती, ती तशीच ऱ्हायली. मी दारात असतो तर इचारलं असतं, सगळं घेतलंस का म्हनून."

मी पर्स उचलली आणि बाहेर निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दारातून जाताना नानांनी मला काही विचारलं नाही.

त्या दिवशी भेळ मी आणली.