भिंगरीच्या मेंदूचा आलेख

टण्णकन चमचा फरशीवर पडला आणि घरातली तीन मिनिटांची शांतता संपली. शांत असणे ही मुलांची नैसर्गिक अवस्था असून हालचाल हा तिच्यातला बिघाड आहे, हे शाळांनी केव्हाच ओळखले आहे. सात वर्षांच्या भिंगरीतला बिघाड तिच्या शाळेला पहिल्याच आठवड्यात सापडला. (शाळा नावाजलेली होती.) सोमवारपर्यंत मेंदूच्या लहरींचा अहवाल आणा, नाहीतर तिला या वर्गात ठेवता येणार नाही, असे वर्गाच्या बाईंनी आईला प्रेमाने लिहून कळवले.

तपासणी अगदी सोपी असते. मुलाच्या डोक्याला एकवीस तारा चिकटवायच्या आणि चाळीस मिनिटे हलू नकोस म्हणायचे. दात आवळले, नाक खाजवले की आलेख बिघडतो. मग तो सर्वसामान्य मुलांच्या आलेखांशी ताडून पाहतात. ते सर्वसामान्य आलेख जमवताना जी मुले हलली त्यांचे कागद खराब निघाले, म्हणून टाकून दिले. तेव्हापासून सर्वसामान्य मूल हलत नाही, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे.

"आधी आई," तपासणीच्या खोलीत तारांची टोपी बघून भिंगरीने जाहीर केले.

तंत्रज्ञबाई समजूतदार होत्या. त्यांनी टोपी आईला घातली, गार लेप लावला, तारा जोडल्या आणि हाताच्या सवयीने बटण दाबले.

"अहो, मला नाही, तिला," आई ओठ न हलवता म्हणाली.

"आता फाइल उघडली ना, ताई. चाळीस मिनिटं ती बंद होत नाही. मान सरळ."

"पण नाव तिचं आहे त्यावर."

"मग बरोबरच आहे की नाव."

आई बसली. सात वर्षांत सलग एवढा वेळ ती प्रथमच बसत होती. तेवढ्या वेळात भिंगरीने फिरती खुर्ची दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली, टेबलाखालून तीन फेऱ्या मारल्या आणि विचारले, "काकू, स्वप्नांची तार कुठली?" (अर्जात याला रकाना नव्हता.) आईला हसू फुटले. आलेखात एक डोंगर उठला. काकूंनी तो खोडला.

दोन दिवसांनी अहवाल आला. 'मूल शांत व आज्ञाधारक. मेंदू वयाच्या मानाने प्रौढ. झोप अपुरी. मनातले मनात ठेवण्याकडे कल. शालेय जीवनास पोषक.'

सोमवारी वर्गाच्या बाईंनी तो वाचला, बाकावरून बाकावर चाललेल्या भिंगरीकडे पाहिले आणि डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवला. भिंगरीची जागा कायम झाली. खरे काय ते सांगून टाकावे, असे फाटकापर्यंत येईतो आईला तीनदा वाटले. (ज्या वाचकांनी आपल्या मुलाच्या शाळेत ते सांगितले असते, त्यांनी हात वर करावा. हालचालीची नोंद घेतली जाईल.)

फाटकाशी भिंगरी धावत आली आणि आईच्या ओढणीला लोंबकळली.

"आई, एवढं गप्प बसायला तुला कुणी शिकवलं?"