लेन्स आत जात नाही

मी मूळचा रागीट माणूस नाही. (ऑफिसात कुणालाही विचारा. बरं, राहू द्या, विचारू नका.) पण त्या कॅमेऱ्याचं नाव काढलं तरी माझ्या कानशिलाशी अजून ठणका लागतो.

आमची आरती कॉलेजात गेल्यापासून माझ्याशी फारसं बोलत नाही. जे काही असेल ते आईला सांगते. माझ्या वाट्याला "बाबा, गाडीची चावी" एवढंच येतं. ती एकदा जेवताना आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मले एक जुना डिजिटल कॅमेरा पायजे."

"जुना काहून? आन् मोबाइल हाये ना तुझ्याजवळ. त्याच्या पाठीवर गॅसच्या शेगडीसारखे तीन बर्नर हायेत."

"मोबाइलचे फोटो लय स्वच्छ येतात, बाबा. सगळे सारखेच वाटतात. आता सगळ्या पोरी जुने कॅमेरे घेऊन राहिल्या."

फोटो स्वच्छ येतो ही तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. ज्या वस्तू आम्ही भंगारात घातल्या त्या ही पिढी विकत घेते, याचा मला राग आला. पण पोरीने इतक्या दिवसांनी काही मागितलं होतं आणि तेही मला मागितलं होतं, म्हणून तो राग मी वरणाबरोबर गिळला.

पुढच्याच आठवड्यात एका लग्नासाठी अकोल्याला गेलो होतो. जठारपेठेत नबीभाईंचं जुन्या मोबाइल-कॅमेऱ्यांचं दुकान आहे. तिथे एक चंदेरी कॅमेरा पसंत केला. नबीभाई म्हणाले, "डोळे मिटून घेऊन जा साहेब. एकदम चालू कंडिशन." मी खरंच डोळे मिटून घेतला. चूक तिथेच झाली.

अमरावतीला घरी आलो, कॅमेरा पाहून आरती हरखली. तिने आईचा एक फोटो काढला, माझा काढायला वळली, आणि कॅमेरा अडकला. पडद्यावर 'लेन्स एरर' अशी अक्षरं आली आणि लेन्सची नळी बाहेर आली ती आत जाईना. बंद केला तरी बाहेर, चालू केला तरी बाहेर. जीभ काढून वेडावणाऱ्या पोरासारखा तो माझ्याकडे बघत होता.

अमरावतीत दुरुस्तीवाले पालथे घातले. एकाने तर हातही लावला नाही. लांबूनच म्हणाला, "काका, फेका." मला त्यातल्या 'फेका'पेक्षा 'काका'चा जास्त राग आला. आरतीची रविवारी मैत्रिणींबरोबर चिखलदऱ्याची सहल होती. मी घरी येऊन जाहीर केलं, "कोनाची गरज नाही. मीच खोलतो."

रागिणीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मागे मी मिक्सर खोलला होता तेव्हापासून तिच्याकडे ही नजर आहे.

शनिवारी सकाळी पलंगावर पेपर अंथरला, शिलाई मशीनच्या डब्यातला बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस अगोदर नमस्कार करतो, मग स्वतःची ओळख सांगतो, मग चॅनेल सबस्क्राइब करा म्हणतो, मग कॅमेरा म्हणजे काय ते सांगतो.

"अरे, खोल ना बाप्पा," मी ओरडलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "कोनाले बोलून राहिले जी?"

"मोबाइलमधल्या माणसाले."

"तो आयकून राहिला का?"

मी रागाने व्हिडिओ पुढे ढकलला आणि खोलायला सुरुवात केली. रागिणी पोळ्या लाटता लाटता दारात आली. "करंट लागन तुमाले."

"बॅटरी काढून ठेवली हाये. बॅटरीच नाही तर करंट काय आभाळातून येईन?"

आभाळातून नाही, तो फ्लॅशजवळून आला. फ्लॅशच्या पोटात वीज साठवून ठेवणारं एक नळकांडं असतं आणि बॅटरी काढली तरी त्यात वीज शिल्लक राहते. (हे व्हिडिओत सांगितलं होतं. मी जो भाग रागाने पुढे ढकलला, त्यात.) माझं बोट तिथे लागलं आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की हात कपाटावर आदळला, चहाचा कप पेपरवर लवंडला आणि बारके स्क्रू खोलीभर उडाले.

करंट लागलेल्या माणसाला लाकडाने सोडवायचं असतं, हे रागिणीला पक्कं ठाऊक आहे. मी तोवर सुटलो होतो, पण तिने लाटणं उचललं होतं. ते कोपरावर बसलं. खरं सांगतो, वीज फार लागली नव्हती. लाटणं लागलं.

"मी सुटलो होतो ना," मी कोपर धरून म्हणालो.

"मले काय मालूम? तुमी रोजच असे थरथरता."

आम्ही तिघांनी पलंगाखाली, कूलरमागे, गादीच्या शिवणीत स्क्रू शोधले. काही सापडले, काही सापडले नाहीत. मी सगळं जसं आठवलं तसं परत बसवलं. मागचं झाकण काही मिटेना, तेव्हा आरतीच्या केसांचं जांभळं रबर त्याला गुंडाळलं. बॅटरी घातली, बटण दाबलं. 'लेन्स एरर'. नळी तशीच बाहेर.

आरती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, नापास पोराच्या खांद्यावर ठेवतात तसा, आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. मी मोबाइलच नेईन. नाराज नका होऊ."

मी उठलो, कॅमेरा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"कुठी निघाले?" रागिणीने विचारलं.

"अकोल्याले. त्या नबीभाईले पाहून येतो."

"जेवून तर जा."

"राग आल्यावर मानूस जेवत नसते."

(दोन पोळ्या खाल्ल्या. भांडायलाही ताकद लागते.)

अमरावती-अकोला रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की राग टिकवणं अवघड जातं. पूर्वी प्रत्येक खड्ड्याला माणूस नव्याने चिडायचा. म्हणून मी बसमध्ये नबीभाईंना काय काय सुनवायचं त्याची तालीम सुरू केली. "तुमी लोकाले फसवून राहिले. तुमाले लाज वाटाले पायजे." शेजारचे गृहस्थ थोडा वेळ ऐकत राहिले, मग उठून मागच्या सीटवर गेले.

दुकानात नबीभाई एकटेच होते. मी पायरीवरूनच सुरुवात केली. "नबीभाई, तुमी मले खराब माल देला."

"हो सकता है साहेब. पुरानी चीज आहे."

"माझी पोरगी नाराज झाली."

"होईनच ना जी. बेटीची जात, किती उम्मीद असते. बसा."

"अमरावतीहून आलो मी."

"उन्हात आले. च्या सांगतो."

"मी च्या प्याले नाही आलो."

चहा आला. मी प्यायलो. ज्या माणसाला आपलं सगळं कबूल आहे त्याच्याशी भांडायचं कसं, हे मी बसमध्ये ठरवलं नव्हतं. तालमीतली सगळी वाक्यं समोरच्याने उलट उत्तर दिल्यावर म्हणायची होती. हा माणूस उलट बोलतच नव्हता. माझा राग नुसता आतल्या आत फिरू लागला.

नबीभाईंनी कॅमेरा हातात घेऊन चालू केला, उलटापालटा केला. "साहेब, याले कोनं खोललं?"

"कोनी नाही."

"सच?"

"एकदम सच."

त्यांनी जांभळं रबर बोटाने ताणून सोडलं. टप्प असा आवाज झाला. "मंग हे कंपनीनंच लावलं असन."

आता माझा तोल गेला. खोटं पकडलं गेल्यावर येणारा राग खऱ्या रागापेक्षा मोठा असतो. मी त्यांच्या हातातून कॅमेरा ओढला, "खोललं असन मी. पन बिघडला तो अगोदर," असं म्हणत तो धाडकन काउंटरवर आपटला.

कॅमेऱ्यातून कर्रर्र असा आवाज आला. नळी सुरकन आत गेली. मग बाहेर आली. पुन्हा आत गेली. पडद्यावरची अक्षरं गायब झाली आणि तिथे काउंटर दिसू लागला.

आम्ही दोघेही त्यावर वाकलो. नळीत वाळूचा कण होता, की माझ्या हातून काही उलटं बसलं होतं ते सुलटं झालं, मला माहीत नाही. नबीभाईंनाही माहीत नव्हतं. तेही माझ्याइतकेच चकित झाले होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण भांडण अर्ध्यावर राहिल्याने मी आणखीच भडकलो. बोट वर केलं, तोंड उघडलं, आणि पुढचं वाक्य आठवेना. तेवढ्यात नबीभाईंनी कॅमेरा उचलून माझ्यावर धरला. क्लिक.

"देखा साहेब? चालू कंडिशन," ते म्हणाले.

मी परत आलो, आरती सहलीला गेली. तिने आणलेल्या प्रत्येक फोटोच्या एका कोपऱ्यात पांढरा फटकारा होता, कारण न मिटलेल्या झाकणातून ऊन आत शिरत होतं. चिखलदऱ्याच्या दरीवर, मैत्रिणींच्या केसांवर, कॉफीच्या कपावर, सगळीकडे तो फटकारा. मी पुन्हा खोलतो म्हणालो, तर आरतीने कॅमेरा छातीशी धरला. "हात नका लावू, बाबा. सगळ्याजणी विचारून राहिल्या, असा उजेड कसा आनला म्हणून."

मला त्याचाही राग आला, पण ती माझ्याजवळ बसून एकेक फोटो दाखवत होती, म्हणून मी उठलो नाही. शेवटी नबीभाईंनी काढलेला माझा फोटो आला. डोळे बटाट्याएवढे, बोट वर, तोंड सताड उघडं, आत चहाने पिवळी झालेली जीभ. मायलेकी पोट धरून हसल्या. रागिणीने त्याच रात्री तो तिच्या मोबाइलमध्ये माझ्या नावापुढे लावून घेतला.

परवा ती भाजी घ्यायला गेली असताना मी तिला फोन केला. पुढचं तिनेच घरी येऊन सांगितलं. पडद्यावर माझा फोटो आला तशी भाजीवालीने हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाई, आधी फोन उचला. कोनी तरी लय संकटात दिसून राहिलं."

"नाही वं," रागिणी फोन कट करत म्हणाली. "त्यायले कोथिंबीर पायजे असन."

मी फोन कोथिंबिरीसाठीच केला होता.