हिराकाकींचं नॉर्वे

"बापसानं काल किती लंगोट बदलले?"

सकाळी नऊला दार उघडलं की हिराकाकी म्हात्रेंचा हा पहिला प्रश्न. बाळ कसं आहे, बाळंतीण जेवली का, काही नाही. बापूस म्हणजे मी. मुलगी घरी आल्यापासून माझी रोज अशी हजेरी घेतली जायची.

हिराकाकी मूळच्या सानपाडा गावच्या. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. आता त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झालीत. पण गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला नॉर्वेला तीन महिने राहून आल्या आणि काकी पार बदलल्या.

"आमच्या नॉर्वेला बापूस रजा घेतंय. म्हैनोन् म्हैने. सगला तोच करतो. आजीनं निसता बघायचा."

माझ्या ऑफिसने साठलेली सुट्टी धरून कसेबसे पंधरा दिवस दिले होते. त्यात झोप काढायचा माझा बेत होता, तो काकींनी मातीत घातला. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला पाटावर बसवत नाही. मग मुलीला आंघोळ घालणार कोण? मी मोठ्या आशेने काकींकडे पाहिलं. काकींनी वाशीहून प्लास्टिकचा टब आणून माझ्यापुढे ठेवला आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"मान धर. अरे मान! पोर हाय ती, खाडीतली निवटी मासली नाय!"

पोरगी रोज टाहो फोडायची. मी घामाने न्हायचो.

तिसऱ्या दिवशी काकींकडून बायकोसाठी नॉर्वेची लापशी आली. तिकडे शेजारणी बाळंतिणीला आंबट सायीची घट्ट लापशी नेऊन देतात म्हणे, वर दालचिनी. बायकोने दोन चमचे खाल्ले आणि गुपचूप डिंकाचा लाडू मागितला.

पाचव्या दिवशी तर कहरच. "तिकडं पोरं बर्फात, बाबागाडीत भायेर झोपतान. छाती मजबूत होते!" सानपाड्यात बर्फ कुठून आणणार? तरी काकींनी पोरीला लोकरीची टोपी घातली, बाबागाडी खाली बागेत नेली, मच्छरदाणी लावली आणि पाच पावलांवर राखण करत बसल्या. वॉचमनला काकी दिसल्या नाहीत, गाडी दिसली. दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर फोटो: "हे बाळ कोणाचं राहिलंय?" गुडघे विसरून आई जिना उतरली. त्या दिवशी ती काकींशी बोलली नाही, आणि मीही मनातून जाम पेटलो होतो.

दहाव्या दिवशी साबणामुळे पोरगी माझ्या हातातून सटकली. मी सावरलं, पण तेवढ्यात काकींचे पाठीमागे बांधलेले हात झटकन पुढे आले, टबापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. परत मागे गेले.

मी चिडलो. "धरायचं ना काकी! तिकडे नातवाला तुम्हीच आंघोळ घालत असाल ना?"

"नाय रं." काकी टबाकडेच बघत होत्या. "जावयाची रजा होती ना. तोच घालायचा. गुनाचा हाय, लय निगुतीनं घालायचा. मी टॉवेल धरून उभी असायची." मग हळूच म्हणाल्या, "वेखंड, तेल, समदा घेऊन गेलेली. एकदा सुदा पायांवर नाय घेतला. मागायचा कसा? त्याचा पोर."

तीन महिने! माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी नऊला मी इस्त्रीचा शर्ट घालून दार उघडलं. रजेचे अजून पाच दिवस शिल्लक होते.

"काकी, साहेबांचा फोन आला. आजपासून ऑफिस. आंघोळीचं तेवढं तुम्हीच बघा."

काकींनी माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग पायांतल्या स्लिपरकडे. टब भिंतीला टेकवून ठेवला, पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि दोन्ही हात पुढे केले.

दहा दिवस बोंबलणारी आमची कार्टी त्यांच्या पायांवर चिडीचूप पडून राहिली. काकी तेल चोळत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी दाराकडे निघालो.

"ए बापसा," मान वर न करता त्यांनी हाक मारली, "उंद्या पन हापिस हाय ना रं तुला?"

"आहे काकी," मी म्हणालो. "आता रोजच आहे."