पाण्यात चालणारे परबकाका

अंधेरीच्या तरणतलावावर लोक पोहायला येत. आमच्या शेजारचे परबकाका चालायला येत. छातीभर पाण्यात, हात पाठीमागे बांधून, मासळीबाजारात भाव विचारत फिरावं तसे. पोरांच्या लाथा बसल्या तरी वाट बदलत नसत.

एकदा तिथले सर म्हणाले, "आजोबा, इथं पोहायचं असतं."

"पोहूक मासे आसत," काका म्हणाले आणि पुढे निघाले.

पाण्यात दहा फेऱ्या झाल्या की बाहेर यायचं, तलावाभोवती दहा फेऱ्या मारायच्या. दोन्ही वेळा मनगट धरून नाडी मोजायची आणि जो जवळ असेल त्याला निकाल सांगायचा. एके दिवशी मी सापडलो. मलाही दोन्हीकडे चालवलं.

"काय म्हणता गुडघो?"

"पाण्यात काहीच नाही. मांड्या मात्र भरून आल्या."

"मगे! पाण्यात मांडी दमता, गुडघो दमना नाय. पाणी माणसाक उचलून धरता रे!" एवढा खूश झालेला माणूस मी लॉटरीच्या दुकानातसुद्धा पाहिला नव्हता.

घरी परबकाकू होत्या. जिन्यावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, त्याला तीन वर्षं झाली होती. हाड जुळलं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं; पण पाय टेकला की कळ यायची, आणि कळेपेक्षा भीती मोठी. त्या गॅलरीतल्या खुर्चीतच असत.

एका सकाळी काका त्यांना रिक्षातून तलावावर घेऊन आले. बायकांची वेळ होती. मी फाटकाशी भेटलो.

"पाय घसारलो तर ओ?" काकू त्यांचा हात सोडेनात.

"नाय घसारूचो. वर्षभर मी सगळो तळ पायान चाचपलंय. खड्डो नाय, शेवाळ नाय."

मी काकांकडे पाहतच राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते.

शिकवणाऱ्या बाई काकूंना आत घेऊन गेल्या. पुरुषांना मनाई, म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासाने बाई बाहेर आल्या.

"आजोबा, वेळ संपली. पण आजी वर यायलाच तयार नाहीत. अजून एक फेरी म्हणतात."

"रवांदे तिका," काका म्हणाले. "तीन वर्षांनी चलता हा ती."

मग उठून फाटकाशी गेले आणि थांबवून ठेवलेली रिक्षा त्यांनी परत पाठवून दिली.